नालीवरची भिंत

"भावजी, भिंतीला पोट सुटलंय! येऊन बघा तरी एकदा!"

थोरली मधल्या भिंतीपाशी मान वर करून ओरडत होती. पलीकडून धाकट्याचा आवाज आला, "सुटू दे की, वहिनी. तुमच्या वाटणीची भिंत, तुमच्या वाटणीचं पोट. बाळंतपणही तुम्हीच करा."

मी दारात डोक्यावरचं पोतं झटकत उभी होते. मला हसू फुटलं आणि थोरलीचं तोंड बघून ते तसंच गिळलं. त्या घराशी माझा जुना करार होता. शेजारणीनं दोन्हीकडचं ऐकायचं, दोन्हीकडं मान हलवायची आणि दूध घेऊन घरी जायचं. त्या दिवशी थोरलीनं माझं मनगट धरलं आणि मला ओढतच आतल्या खोलीत नेलं.

"लाव हात," ती म्हणाली.

मी लावला. टेकडीकडची मागची भिंत सरळ खाली यायची ती छातीच्या उंचीला खोलीत फुगून आली होती. दगडांच्या सांध्यांतून पातळ चिखल ओघळत होता. आणि त्या फुगवट्याला लागूनच खाट होती. खाटेवर थोरला. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याची डावी बाजू गेलेली, जीभ गेलेली. डोळे तेवढे पहिल्यासारखेच तापट.

"खाट तरी सरकव गं," मी म्हटलं.

"सरकवायला गेले की गुरगुरतात. आणि सरकवून नेऊ कुठं? चुलीत? माहेर म्हणशील तर भावानं घर विकून शहर गाठलं. मला हे एकच दार आहे. हे पडलं तर ह्यांना पाठीवर घेऊन कुणाच्या वळचणीला उभी राहू?" एवढं बोलून ती भिंतीकडं पाठ करून रडली. मी तिला रडताना त्याआधी बघितलं नव्हतं. तिचं रडणं मला बघवेना, म्हणून मी कौलांकडं बघत बसले.

पाऊस हंगाम संपल्यावर आला होता आणि जायचं नाव काढत नव्हता. रानात उभं पीक कुजलं, वाटांचे ओढे झाले, आमच्या घरात पत्र्याखाली तर बोललेलं ऐकू येईना. पण ह्या घराला पावसाचं भय कधी नव्हतं. ते का नव्हतं आणि आता का वाटायला लागलं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

हे घर म्हणजे एकाच लांब छपराखाली सगळा संसार. वरच्या अंगाला माणसं, खालच्या अंगाला गुरं आणि मधे पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत आरपार बोळ. टेकडीला पाठ लावून बसलेलं. मागची भिंत एवढी जाड, की खिडकीच्या खणात मांडी घालून बसावं. ती एक भिंत नाहीच मुळी, दोन आहेत. बाहेरची एक, आतली एक, मधे दगडाचा चुरा आणि माती. दोन्ही एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून ठिकठिकाणी लांब दगड आरपार घातलेले, गोधडीला टाके घालावेत तसे. सिमेंटचा कण नाही. ज्या खापरपणज्यानं हे बांधलं त्याला पाण्याचं अंग ठाऊक होतं. टेकडीचं पाणी जमिनीखालून घराच्या पाठीवर येणार, ते अडवून अडणार नाही. म्हणून त्यानं त्याला वाट करून दिली. बोळाखालून दगडी नाली काढली, वर फरशा टाकल्या. मागून पाणी शिरायचं आणि पुढं अंगणात निघायचं. शेजारच्या घरात नवी सून म्हणून आले तेव्हा मी ह्या बोळात उभी राहून पायाखालचा तो खळखळाट ऐकलाय. मला वाटलं होतं घराखाली कुणी भांडी घासतंय.

आणि गोठ्याच्या टोकाला चिकटून एक छोटं घर. एका खोलीचं. मोठं घर बांधून होईपर्यंत खापरपणजा आणि त्याची बायको ह्यात राहिले. पलीकडं कातळ उभा होता, तीच एक भिंत समजून त्यांनी उरलेल्या तीन बांधल्या. दार एवढं बुटकं, की ताठ मानेच्या माणसानं आत जाऊच नये.

बाप गेला आणि भावांची वाटणी झाली. वरचं अंग थोरल्याला, गोठा आणि छोटं घर धाकट्याला. राहिला बोळ. बोळाचं काय करायचं? निम्मा निम्मा! दोघांनी सुतळी लावून मापला. मधोमध खूण केली, ती बरोबर नालीवर पडली. गवंडी म्हणाला, "हातभर इकडंतिकडं घेऊ, नालीत पाया नको." थोरला म्हणाला, "सरकव, पण त्याच्या बाजूला." धाकटा म्हणाला, "सरकव की, पण ह्याच्या बाजूला." झालं! दोघं भाऊ आयुष्यात एकदाच एकमतानं वागले आणि नाली बुजवून तिच्यावर भिंत उभी राहिली. पुढच्या दाराच्याही मधोमध ती आली. अर्धं दार घेऊन कोण काय करणार? तेही बुजवलं. थोरल्यानं वरच्या टोकाला नवीन दार पाडलं, धाकटा गोठ्याच्या दारानं वावरू लागला. भिंत वाशांपर्यंत काही पोचली नाही, वर, हात पोचणार नाही तिथं, हातभर मोकळंच राहिलं. त्या फटीतून धूर इकडून तिकडं जायचा आणि शिव्या तिकडून इकडं यायच्या.

वाट बंद झालेलं पाणी मागच्या भिंतीत मुरत बसलं. दरवर्षी थोडं थोडं. मधली माती चिखल होऊन फुगली आणि ह्या पावसानं तिचं पोट दिसायला लागलं.

दुपारी मी माझ्या चुलीशी होते तेव्हा गोठ्याकडून गाय अशी हंबरली की आमचे हे हातातलं ताट टाकून पळाले. मी मागून. मागच्या भिंतीतला एक दगड सुटून गव्हाणीत पडला होता. गायीच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. दुसऱ्याच्या पोटाची चेष्टा करणाऱ्या धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती गाय त्यानं वासरू असताना बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. तो कोपऱ्यातली पहार घेऊन आला आणि मधल्या भिंतीवर घाव घालायला हात उचलला.

"काय करतोस?" आमचे हे.

"नाली मोकळी करतो. आता भिंत गेली खड्ड्यात!"

पलीकडून थोरलीचा आवाज आला, "घाला, भावजी, घाला! सकाळपासून हेच तर सांगतेय!"

इतक्यात गवंडी आला. त्याला मीच निरोप धाडला होता. हा तोच गवंडी, गावात त्याला सगळे भिंत सरळ आहे का बघायच्या दोरीवरून 'ओळंबा' म्हणतात, कारण स्वतः प्यायल्यावर तो कधी सरळ उभा राहिलेला नाही. त्या दिवशी शुद्धीत होता. त्यानं धाकट्याच्या हाताला लोंबकळूनच पहार थांबवली.

"अरे थांब! मारशील सगळ्यांना! मागची भिंत कशावर उभी आहे, बघितलंस का?"

तो आम्हाला कोपऱ्यात घेऊन गेला, जिथं मधली भिंत मागच्या भिंतीला भिडत होती. मागची भिंत आत कलून ह्या भिंतीच्या टोकावर टेकली होती. थकलेला माणूस भिंतीला टेकतो, तशी भिंतच भिंतीला टेकली होती. दोन्हीकडच्या खोल्यांत फुगवटा होता. फक्त इथं, मधे, तो थांबला होता.

"ही काढली की सगळं आत येणार," गवंडी म्हणाला. "छप्पर, भिंत, टेकडीचा चिखल, सगळं. वरच्या खोलीतला आजारी माणूस पहिला जाईल."

"आणि नाही काढली तर?"

"तर पाणी वाढतंय. आज रात्री नाही तर उद्या जाईल."

इकडं आड, तिकडं विहीर. मला पलीकडच्या थोरलीचा श्वास वरच्या फटीतून ऐकू येत होता.

गवंडी भर पावसात घरामागं फिरून आला. वरच्या टोकाला जमीन चढती, तिथून पाणी काढता यायचं नाही. खालच्या टोकाला उतार आहे. भिंतीच्या मागून चर खणत गोठ्याच्या टोकापर्यंत आणायचा, की पाणी आपोआप निघेल. पण गोठा संपतो तिथं छोटं घर, आणि छोटं घर संपतं तिथं कातळ. वाट एकच.

"छोट्या घराच्या मागच्या भिंतीला भगदाड पाडायचं," गवंडी म्हणाला. "पाणी आत शिरेल आणि दारातून बाहेर पडेल."

"आणि घर?" धाकट्यानं विचारलं.

गवंडी जमिनीकडं बघायला लागला. "एका पदराची भिंत आहे ती. पाण्यापुढं नाही टिकायची."

धाकटी तोवर छोट्या घराच्या बुटक्या दारात उभी राहून ऐकत होती. बोलायला मऊ बाई. तिनं कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "नाही."

"अगं—"

"नाही म्हणते ना! लग्न होऊन आले तेव्हा सासूची चूल. सासू गेल्यावर जाऊबाईंची. मीठ कमी पडलं तरी डब्याला हात लावायची चोरी होती मला. ह्या एका खोलीत मी माझी चूल घातली, माझ्या हातानं, माझी माती मळून. तीच तुम्हाला फोडायचीय? मागच्या भिंतीलाच आहे ती. त्यांचं वाचवायला माझं मोडायचं?"

थोरली कधी बाहेर आली कुणालाच कळलं नाही. तिच्या दारापासून इथवर यायचं म्हणजे अख्ख्या घराची लांबी चिखलातून चालावी लागते. वाटणीनंतर ती इकडच्या अंगणात पहिल्यांदाच आली होती. डोक्यावर काही घेतलं नव्हतं. ती पायरीखाली पावसातच उभी राहिली.

"मी मागायला आलेय," ती म्हणाली. एवढंच म्हणायला तिला किती वेळ लागला! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. हिचा पीळ त्या दिवशी आमच्या डोळ्यांदेखत सुटत होता आणि तिला ते किती दुखत होतं तेही दिसत होतं.

धाकटी म्हणाली, "मागता? मीठ मागितलं होतं मी एकदा, ताई. आठवतंय काय म्हणालात?"

थोरलीला आठवत होतं. ती आली तशी परत फिरली. धाकटी दारातच उभी राहिली आणि गडीमाणसं पहारी-फावडी घेऊन तिष्ठत राहिली. कुणाचंच चुकत नव्हतं, म्हणून तर काही सुचत नव्हतं. मला मात्र संताप आला, अगदी सगळ्यांचा. दोन चांगल्या बायका आणि त्यांच्यामधे दोन गाढवांनी सुतळी लावून घातलेली भिंत!

मी धाकटीजवळ गेले. "चल," म्हटलं. "नाही म्हणायचं तर म्हण, तुझा हक्क आहे. पण वर एकदा येऊन बघ आणि मग म्हण."

"काय बघायचंय तिथं?"

"मलाही धड माहीत नाही. चल तर."

ती आली ती रागातच आली. आतल्या खोलीत अंधारल्यासारखं झालं होतं. थोरली खाटेच्या पायाशी बसून खाट ओढायला बघत होती आणि खाट हलत नव्हती, कारण थोरला ती हलू देत नव्हता. त्यानं उजवा हात लांब करून तळवा भिंतीच्या फुगवट्यावर सपाट दाबून धरला होता. बोटांमधून चिखल मनगटावर उतरत होता. दात आवळलेले, मानेच्या शिरा ताठलेल्या. अर्धा मेलेला माणूस जिवंत राहिलेल्या अर्ध्या अंगानं घर तोलून धरत होता.

"सकाळपासून असंच चाललंय," थोरली म्हणाली. "हात सोडवला की पुन्हा लावतात. त्यांना वाटतंय त्यांनी सोडला की पडेल."

धाकटी त्याच्याकडं बघत राहिली. ह्याच माणसानं बोळात सुतळी धरून "वीतभरही सोडणार नाही" म्हटलेलं तिनं ऐकलं होतं. मला वाटलं, ही आता हसेल किंवा थुंकेल. ती खाटेशी वाकली.

"दादा, हात काढा. दुखेल."

थोरल्यानं मान हलवली. नाही.

"काढा म्हणते ना. आम्ही बघतो भिंतीचं." तिनं त्याचं मनगट धरून हात भिंतीवरून उतरवला, पदरानं चिखल पुसला आणि हात त्याच्या छातीवर ठेवला. तिनं धरून ठेवला तोवर तो राहिला. मग तिनं तो थोरलीच्या हातात दिला आणि बाहेर पडली.

अंगणात येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "आधी माझी भांडी काढू द्या."

मी तिला भांडी काढू लागले. संसार तो केवढा! दोन पातेली, एक कळशी, अंथरुणाची वळकटी, फडताळातले डबे. चुलीपाशी आली तेव्हा ती थांबली. चुलीला उचलता येत नाही. तिनं चुलीतली राख हातानं साफ केली, आता पाहुणे यायचे असावेत अशी, आणि उठली.

"घाला," ती म्हणाली.

पहिला घाव धाकट्यानं घातला. रडत घातला, हे सांगायला हरकत नाही. बाकीचे मागं चर खणत होते. आमचे हे, गवंडी, हाकेसरशी धावून आलेले वरच्या रानातले दोघं बापलेक. चिखल फावड्यावर यायचा आणि निम्मा परत घसरायचा. चर जसजसा छोट्या घराकडं सरकला तसतसं त्यात गढूळ पाणी भरायला लागलं. वळणाचं पाणी वळणावर जातं म्हणतात, पण ह्याला वळण द्यायला माणसांच्या पाठी मोडल्या.

भिंतीचे दगड आत कोसळले आणि पाणी शिरलं. आधी थोडंसं, विचार केल्यासारखं. मग एकदम धो धो. चुलीवर आलं तेव्हा चुलीची माती क्षणभर उभी राहिली आणि विरघळली. त्या बुटक्या दारातून लालभडक लोंढा अंगणात पडला. ज्या पाण्याला आम्ही वर्षानुवर्षं कोंडलं होतं ते इतकं असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. धाकटी माझ्याजवळ उभी राहून ते बघत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

दिवस मावळायच्या आत छोट्या घराचं छप्पर खाली बसलं. मोठा आवाज झालाच नाही. आधी आढं वाकलं, मग कौलं घसरली. मोठ्या घरात मात्र सांध्यांतून ओघळणारा चिखल थांबला. पोट गेलं नाही, पण वाढायचं राहिलं. गवंडी दगडाला कान लावून बराच वेळ ऐकत बसला आणि म्हणाला, "धरलंय."

थोरली पुन्हा चिखलातून आली. धाकटीचा हात धरून म्हणाली, "वर चल. माझ्याकडं. चूल तुझी, मी पाणी भरीन."

"आणि गुरं? गाय बिथरलीय, ती ह्यांना सोडायची नाही. त्या गोठ्यात ह्यांना एकटं ठेवून मी वर निजू?"

"मग मधली भिंत फोडू. एवढीशी, दारापुरती. येता-जाता येईल." थोरलीनं धाकट्याकडं बघितलं. धाकट्यानं लगेच मान हलवली. इतक्या वर्षांत कुणी त्याला एवढं कबूल करायला लावलं नव्हतं.

गवंडी हात पुसत म्हणाला, "एक दगडही नाही."

"अहो, फक्त दारापुरती—"

"वहिनी, मागची भिंत दगड न् दगड उतरवून नव्यानं बांधेपर्यंत ह्या भिंतीला हात लावायचा नाही. त्या कामाला लागेल एक कोरडा उन्हाळा आणि धडधाकट माणसं. ती ह्या घरात कुठून आणायची ते तुम्हीच बघा. तोवर हीच भिंत घर धरून आहे."

धाकट्यानं त्या भिंतीवर हात ठेवला, काढला आणि तो गायीकडं गेला.

गोठ्याच्या कोरड्या कोपऱ्यात धाकटीनं तीन दगड मांडले. सरपण ओलं, काडेपेटी भिजलेली. तिनं किती काड्या वाया घालवल्या! वरच्या फटीतून थोरलीचा आवाज आला, "पेटली का गं?"

"नाही, ताई."

"थांब. निखारे आणते."

भिंतीच्या पलीकडं चिमटा वाजला. मग थोरलीच्या दाराची कडी, मग चिखलात पावलं. मी गोठ्याच्या दारात उभी होते. ती घराच्या वरच्या टोकापासून येताना मला दिसत होती. खापरात निखारे, वर पदर धरलेला, एक पाऊल टाकायची आणि थांबायची. पाऊस तिरपा येत होता. आमच्यापर्यंत पोचली तेव्हा खापरात काळे कोळसे आणि थोडं पाणी होतं.

तिनं खापर बघितलं. धाकटीनं बघितलं.

"हातभर भिंत आहे हो मधे," धाकटी म्हणाली. "हातभर."

"असू दे," थोरली म्हणाली. "ह्या वेळी झाकण घेते." आणि ती पुन्हा पावसात उतरली.